बशीतला दाणा

आमच्या सासूबाईंनी एकतीस वर्षं रोज चारशे माणसांना जेवू घातलं, आणि त्यातल्या एकानेही कधी वरून मीठ मागितलं नाही. हे मी नाही सांगत, त्याच सांगतात, आणि हल्ली दिवसातून चारदा सांगतात. मोज्यांच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये त्या मुख्य स्वयंपाकीण होत्या. हाताखाली सहा बायका, समोर तीन पातेली, आणि पातेलं म्हणजे घासायला अर्धं आत उतरावं लागेल एवढं.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी तिथे एक गोंधळ झाला. घेवड्याच्या रश्श्यात एकीने मीठ घातलं. दुसरीला वाटलं राहिलंय, म्हणून तिनेही घातलं. तिसरी जरा जास्तच कामसू होती. त्या दुपारी चारशे माणसं कोरडा पाव चावत मशिनीवर परतली. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी शेगडीजवळ एक पांढरी बशी ठेवली आणि नियम केला: जी मीठ घालेल तिने घेवड्याचा एक कच्चा दाणा बशीत टाकायचा. बशीत दाणा दिसला की बाकीच्यांनी हात मागे घ्यायचा.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा कारखान्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि त्यांनी स्वतःहून ती बशी आणली. घड्याळ कधीच बंद पडलं. बशी मात्र आमच्या ओट्यावर ठाण मांडून बसली. घरात माणसं तीन, स्वयंपाक करणाऱ्या त्या एकट्या, तिथे कसले डोंबलाचे दाणे? पण बाईंचा हेका म्हणजे हेका. मी औषधांच्या दुकानात काम करते. आमच्याकडे गोळ्यांची एक पट्टी भलत्या खणात गेली तर कुणाच्या तरी जिवावर बेततं, त्यामुळे वस्तू जागेवर नसली की माझे हात शिवशिवतात. ओटा पुसताना बशीत दाणा दिसला की मी उचलायची आणि घेवड्याच्या डब्यात टाकायची. त्या पुन्हा ठेवायच्या, मी पुन्हा उचलायची. भांडण असं कधी झालं नाही, पण गोडीगुलाबीही नव्हती.

गेल्या वर्षापासून त्या विसरायला लागल्या. आधी चष्मा, मग शेजारणीचं नाव, मग सकाळ की संध्याकाळ. सगळ्यात जास्त मला छळलं ते एका प्रश्नाने. रात्रीची जेवणं झाली, भांडी विसळून पालथी घातली, की त्या विचारायच्या, जेवलीस का गं? मी सांगायची, जेवले. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. एकदा मी वैतागून म्हटलं की आई, समोरासमोर बसून तर जेवलो, आता लिहून देऊ का? त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड बोलून माझा सगळा गोडवा संपलेला असतो, हे कारण झालं, पण ते काही फार चांगलं कारण नाही.

मग रस्सा खारट व्हायला लागला. एकदा झाला, आम्ही भातात कालवून खाल्ला. दुसऱ्यांदा झाला, तेव्हा बटाटे घालून निभावलं. तिसऱ्यांदा नेमकी नणंद जेवायला आलेली. लेकीसाठी आईने मुद्दाम घेवडा केलेला, आणि तो तोंडात धरवेना. नणंद तांब्याभर पाणी प्यायली. सासूबाईंनी स्वतःचा घास घेतला, चमचा खाली ठेवला आणि उठून आत गेल्या.

नवरा लिफ्टच्या देखभालीचं काम करतो. त्याच्या धंद्यात धोका दिसला की आधी बंद करायचं, कारण मग शोधायचं. त्याने ठरवलं की येत्या रविवारी शेगडीची बटणं काढून ठेवायची, आणि दुपारचा डबा बाहेरून लावायचा. आज मीठ दोनदा पडलं, उद्या गॅस उघडा राहील. मी लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर मनात कुठेतरी बरंही वाटलं, की अठरा वर्षांनी ओटा एकदाचा माझा होईल. सासूबाईंना त्याने सांगितलं तेव्हा त्या भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की रविवार सकाळचा घेवडा मी करते, मग काढ.

त्या रविवारी मी लसूण सोलायच्या निमित्ताने स्वयंपाकघरातच बसले. घेवडा आदल्या संध्याकाळीच भिजत घातलेला होता. त्यांनी कांदा संथपणे लाल केला, जिरं, लसूण, दालचिनीचा तुकडा आणि मिरची परतली, मग दाणे घालून झाकण ठेवलं. टोमॅटो तयार होता, पण घातला नाही. आंबट आधी पडलं की दाणा रुसतो, कितीही शिजवा, मऊ होत नाही, असं त्या मला पन्नासाव्यांदा म्हणाल्या. एक दाणा बोटांत चेपून पाहिला, तेव्हाच टोमॅटो घातला. मग मीठ. मग डब्यातला एक कच्चा दाणा बशीत ठेवला आणि वाळलेले कपडे आणायला बाल्कनीत गेल्या.

लसणाची सालं पडली होती, म्हणून मी ओटा पुसला. पुसता पुसता बशीतला दाणा उचलला, डब्यात टाकला, झाकण लावलं. मला कळलंसुद्धा नाही.

त्या परत आल्या आणि त्यांनी पातेल्याकडे न बघता आधी बशीकडे बघितलं. बशी रिकामी. कपाळाला आठी पडली, मग गेली. आणि बशीवर पूर्ण विश्वास ठेवून त्यांनी मिठाचा डबा उघडला.

तिन्ही खारट रस्से डोळ्यांपुढे आले, आणि तिन्ही वेळा ओट्यावरचं फडकं माझ्याच हातात होतं. मी उठून त्यांचं मनगट धरलं.

"आई, थांबा. मीठ घातलंय तुम्ही. दाणा मी उचलला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कधीपासून उचलतेस?"

"पहिल्यापासून."

मला वाटलं आता माझा उद्धार होणार, आणि झाला असता तरी मी मान खाली घालून ऐकून घेतलं असतं. पण त्या स्टुलावर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "मी विसरते, ते मला ठाऊक आहे गं. म्हणून तर ठेवते दाणा. दाणा तरी माझ्या बाजूने आहे असं वाटायचं." मला रडू आलं, आणि चक्क त्यांच्यासमोरच आलं.

तेवढ्यात नवरा पेचकस घेऊन आत आला. मी शेगडीपुढे उभी राहिले आणि त्याला सगळं सांगितलं, स्वतःला पाठीशी न घालता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या माझ्याच होत्या, हेही सांगितलं. लिफ्टच्या कामात एक पाटी असते: माणूस आत आहे, लिफ्ट चालू करू नका. ती कुणी काढली तर काय होतं, हे त्याने एकदा डोळ्यांनी पाहिलंय.

"ज्याने लावली त्यानेच काढायची," तो म्हणाला, आणि पेचकस खिशात ठेवला.

बटणं जागेवर राहिली. गॅस बंद केल्याचा दुसरा दाणा त्याने सुचवला, आणि तो बशीत पडला की मी एकदा शेगडीवर नजर टाकते. विसरणं थांबलं नाही. परवा त्यांनी मला कॅन्टीनमधल्या कुणा बाईच्या नावाने हाक मारली आणि कांदे चिरायला बसवलं. मीही बसले. पण रश्श्याला मीठ बेताचं असतं, आणि नणंद हल्ली मागून मागून खाते.

कालची गोष्ट. जेवणं झाली, भांडी झाली, मी हात पुसत बाहेर येऊन बसले. त्यांनी विचारलं, जेवलीस का गं? मी म्हटलं, जेवले. मग वाट पाहत बसले, पण पुढचा प्रश्न आलाच नाही. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मला चुकल्या-चुकल्यासारखं व्हायला लागलं. पाणी प्यायला आत गेले तर बशीत दोनाच्या जागी तीन दाणे. हा तिसरा कसला, मी विचारलं.

"तो तुझा," त्या म्हणाल्या. "तू जेवलीस की ठेवते. नाहीतर मी सारखी विचारते आणि तुला त्रास होतो."

मी बशी उचलली आणि त्यांच्या पुढ्यात नेली. ज्याने ठेवला त्यानेच उचलायचा.

"हा एवढा काढा, आई. हे विचारत जा."

त्यांनी दाणा उचलून माझ्या हातात दिला, मी तो डब्यात टाकला. झाकण लावून वळले तर त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"जेवलीस का गं?"

"जेवले, आई," मी म्हटलं.