एकशेबारा कुलुपं, एकच किल्ली

नेब्रास्कातल्या एल्डर क्रीक गावात नंदा मेश्रामला न ओळखणारा माणूस शोधून सापडला नसता. आणि ओळखायचे ते कशावरून? तर भाजीसाठी शेरीफ बोलावणारी बाई म्हणून! अकरा वर्षं घरोघर फिरून तिनं तिथल्या म्हाताऱ्यांची ब्लडप्रेशरं मोजली, जखमा बांधल्या, इन्सुलिन टोचलं. पण नाव झालं ते भाजीमुळे. लोकांचं असंच असतं, काय करणार!

झालं होतं असं. पंचाहत्तर सालच्या ऑगस्टात नंदा आणि राजाराम त्या गावात राहायला आले. मूळचे दोघंही नागपूरचे. शेती संशोधन केंद्रात माती तपासायची राजारामला नोकरी लागली होती. घर भाड्याचं, आणि त्याला किल्लीच नव्हती. मालकाला विचारलं तर तो डोकं खाजवत म्हणाला, "किल्ली? माझ्या बापाच्या वेळी होती बहुतेक." तिसऱ्या दिवशी नंदा दुकानातून परत आली, तर स्वयंपाकघरात टेबलावर मनगटाएवढ्या जाड सहा झुकिनी ओळीनं मांडलेल्या. झुकिनी म्हणजे आपल्या दुधीची मावसबहीणच, पण नंदाला तेव्हा ते कुठलं माहीत? आपल्यामागे घरात कुणीतरी शिरलं होतं, एवढंच तिला कळलं. तिनं फोन फिरवला. शेरीफ वीस मैलांवरून दिवा फिरवत आला, टेबलाकडे बघितलं आणि टोपी काढून अदबीनं म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे ऑगस्टात असं होतं."

भाजी ठेवणारी होती ओपल क्रॅमर. गावाबाहेर चार मैलांवरच्या शेतघरात राहणारी सत्तरीची विधवा. शेरीफ आला होता हे ऐकून ती दुसऱ्या दिवशी आली, न ठोठावता सरळ आत, आणि पोट धरधरून हसली. "अगं, आमच्याकडे बागेत माल जास्त झाला की ज्याचं दार उघडं त्याच्या घरात टाकून पळतात. आणि दार सगळ्यांचंच उघडं!" नंदा आधी ओशाळली, मग तीही हसली. तेव्हापासून दोघींचं गूळपीठ जमलं. घरी ती ओपलकाकूच झाली. पुढे ओपलकाकूला साखरेचा आजार निघाला आणि मंगळवारी नि शुक्रवारी नंदाची तिच्याकडे फेरी सुरू झाली. गाडी लावायची, मागच्या दारातून "यू-हू!" अशी हाळी द्यायची आणि आत जायचं. नागपूरच्या वस्तीत वाढलेल्या नंदाला हे दार ढकलून जाणं इतकं अंगवळणी पडलं, की सुट्टीत नागपूरला गेली की भावाच्या घराच्या तीन-तीन कड्या बघून तिलाच हसू यायचं.

आणि मग शहाऐंशी सालच्या सप्टेंबरात टॉलिव्हर झालं.

टॉलिव्हर म्हणजे पंचवीस मैलांवरचं गाव. तिथल्या जनावरांच्या लिलावाच्या बाजारात, भर दुपारी, लोक जेवायला बसलेले असताना एक माणूस बंदूक घेऊन आत आला आणि त्यानं सहा जणांना मारलं. मग स्वतःलाही. त्यानं तसं का केलं ते शेवटपर्यंत कुणाला नीट कळलं नाही. पण गावोगावचे लोक धास्तावले ते कारण कळलं नाही म्हणून नव्हे. तो माणूस कुठला परका, वाटेवरचा नव्हता. तीस वर्षं पंचक्रोशीतल्या पवनचक्क्या दुरुस्त करणारा, सगळ्यांच्या घरी बसून कॉफी प्यायलेला माणूस होता तो. मेलेल्यांत ओपलचा सख्खा भाचा होता. आणि त्या मारेकऱ्याला तिनं आदल्याच महिन्यात आपल्या हातचा केक बांधून दिला होता.

सहा अंत्यविधी झाले, आणि एल्डर क्रीकमध्ये कुलुपांचं पर्व सुरू झालं. गावात हार्डवेअरचं दुकान एकच, लॉइडचं. जुन्या दारांना बसवायला त्याच्याकडे कुलुपं नव्हतीच, कारण कुणी कधी मागितलीच नव्हती. त्यानं घाईघाईनं खोकीच्या खोकी मागवली. पितळी, जड, चांगली कुलुपं. आठवड्यात एकशेबारा खपली. रविवारी प्रार्थनेनंतर घरोघरी ड्रिल घुरघुरत होतं. राजारामनंही आपल्या दाराला कुलूप बसवलं.

कुलुपं बसली, पण झोपा काही परत आल्या नाहीत. न सांगता कुणाच्या घरी जाणं बंद झालं. भोपळ्यांचे, मक्याचे दिवस, पण कुणाच्या टेबलावर काही येईना. अकरा वर्षं हात हलवणारा पेट्रोल पंपावरचा माणूस नंदा पर्समध्ये हात घालू लागली की तिच्या हाताकडे बघत राही. "तुम्ही मूळच्या कुठल्या म्हणालात?" असं तिला दोनदा विचारून झालं. नंदाला राग आला, आणि रागापेक्षा वाईट वाटलं.

तिला सारखी रत्नाबाई आत्या आठवत होती. आत्या परभणीकडच्या एका खेड्यात दिलेली. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत तिची वस्ती जाळली. पुढच्या वर्षी नंदा भेटायला गेली, तेव्हा आत्याच्या नव्या खोपटाला दार होतं, पण कडी नव्हती. नंदानं विचारलं, "आत्या, कडी काहून नाही लावत?" तेव्हा आत्या म्हणाली, "पोरी, चोराची भीती असली तर कडी लावावी माणसानं. पेटवायला आलेल्यातला एकजण माझ्या चुलीवरची भाकर खाल्लेला होता. त्याच्यासाठी कुठली कडी लावू, सांग." नंदाला तेव्हा काही सांगता आलं नव्हतं. आता टॉलिव्हरनंतरही सुचत नव्हतं.

ओपलकाकूचं तर फारच बिघडलं होतं. शेजारच्या शेतकऱ्याकडून तिनं खालच्या सगळ्या खिडक्यांना आतून फळ्या मारून घेतल्या होत्या. कुलुपाची किल्ली दोरीत ओवून गळ्यात, नवऱ्याची बंदूक मांडीवर. नंदा आली की फटीतून बघायची, मग उघडायची. घराबाहेर ती पाऊल टाकेना. चर्च सुटलं, बाग वाळली. "काकू, जेवताय ना वेळेवर?" विचारलं की नुसती मान हलवायची.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या शुक्रवारी, सकाळी दहाला, नंदा नेहमीसारखी आली. मागच्या दाराशी उभी राहून हाळी दिली. उत्तर नाही. दार वाजवलं. नाही. तिनं घराला चक्कर मारली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीच्या फळ्यांमधल्या फटीला डोळा लावला, तर फरशीवर एक सपात आणि सपातेत पाय.

"काकू! ओपलकाकू!" ती मराठीतच ओरडली. पाय किंचित हलला.

नंदाला लगेच उमगलं. इन्सुलिन टोचून घेतलं असणार आणि जेवली नसणार. साखर खाली गेली. अशा वेळी हातात मिनिटं असतात, तास नव्हे. तिनं दाराला खांदा दिला. ओकचं दार, हललंही नाही. दगडानं काच फोडली, तर आत फळ्या ठोकलेल्या. फोन घरात. शेजारचं शेत दोन मैल. तिथं जायचं, फोन करायचा, वीस मैलांवरून शेरीफ यायचा, तोवर काय उरणार? नंदाला रडू फुटलं. आपल्या लाडक्या बाईला तिच्याच कुलुपानं मारावं, हा कुठला न्याय!

गाडीकडे धावायला म्हणून तिनं पर्समधून किल्ल्या काढल्या. त्यात तिच्या घराची नवी किल्ली होती. पितळी, चौकोनी डोक्याची. दारावरचं कुलूपही पितळी, लॉइडच्याच दुकानातलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तसं झालं. काही विचार न करता तिनं ती किल्ली कुलुपात घातली आणि फिरवली.

खट्ट!

नंदा क्षणभर खुळ्यासारखी बघत राहिली. मग तिला बंदूक आठवली. दार ढकलण्याआधी ती मोठ्यानं म्हणाली, "मी नंदा! नर्स नंदा! आत येतेय!" आणि गेली.

बंदूक खुर्चीवर आडवी पडली होती. ओपलकाकू घामानं थबथबलेली, डोळे अर्धे उघडे, बोलणं नाही. नंदानं बॅगेतून साखर वर आणायचं इंजेक्शन काढलं, भरलं, मांडीत टोचलं, तिला कुशीवर वळवलं आणि घड्याळाकडे बघत बसली. पाच मिनिटं. आठ. दहा. अकराव्या मिनिटाला ओपलकाकूनं कूस बदलली आणि शिवी हासडली. नंदानं आयुष्यात इतकी गोड शिवी ऐकली नव्हती. ती हुंदके देत हसत होती.

संत्र्याचा रस दोन ग्लास पोटात गेल्यावर म्हातारीला चौकशी सुचली. "दार मोडलंस ना माझं?"

"नाही काकू. किल्लीनं उघडलं."

"किल्ली तर माझ्या गळ्यात आहे."

"मी माझ्या घराच्या किल्लीनं उघडलं."

ओपलनं गळ्यातली दोरी काढली. दोन्ही किल्ल्या शेजारी ठेवल्या. दातांना दात तंतोतंत. "अरे लॉइड, अरे गाढवा," ती पुटपुटली आणि हसायला लागली. महिन्याभरात पहिल्यांदा!

लॉइडचं काय झालं होतं? चाळीस वर्षं तो कुलुपं विकत होता ती शेताच्या फाटकांची. फाटकांना शेतकरी एकाच किल्लीची कुलुपं मागतो, म्हणजे दहा फाटकांना दहा किल्ल्या बाळगाव्या लागत नाहीत, आणि वेळेला शेजाऱ्यालाही उघडता येतं. मागणीच्या कागदावर 'सर्वांना एकच किल्ली' या चौकटीत खूण करायची त्याच्या हाताला सवयच होती. तशी त्यानं केली. घराचं कुलूप शेजाऱ्याला उघडता येऊ नये म्हणून असतं, हे त्या बापड्याच्या गावी नव्हतं.

रविवारी चर्चच्या तळघरात सगळा गाव जमला. लॉइड लालबुंद होऊन उभा. सगळी कुलुपं फुकट बदलून देतो म्हणाला. आपण महिनाभर एकमेकांच्या किल्ल्या खिशात घेऊन फिरत होतो, हे कळल्यावर कुणी चिडलं, कुणी घाबरलं, कुणाला हसू आवरेना. ओपलकाकूनं निरोप पाठवला होता, तो नंदानं वाचून दाखवला: "माझं कुलूप बदलायला कुणी आलं तर मी बंदूक काढीन. ज्याला मारायचं आहे त्याला किल्ली लागत नाही. जिनं मला वाचवलं तिला लागली." मग लॉइडसमोर रांग लागली, पण छोटीशी. तीसेक जणांनी कुलुपं बदलून घेतली. बाकीचे घरी गेले.

राजाराम त्या तिसांत होता. त्याला नावं ठेवू नका. घरी आल्यावर तो नंदाला म्हणाला, "त्यांचं ठीक आहे गं. आपलं वेगळं आहे. उद्या कुणाचं डोकं फिरलं तर पहिलं दार आपलं." नंदालाही तीच भीती होती. त्यांच्या बारा वर्षांच्या लेकीनं, दीपानं, मात्र विचारलं, "मॉम, सो एनीबडी कॅन गेट इन?"

"हो," नंदा म्हणाली. "कुणालाही येता येतं."

नवं कुलूप पाकिटात फ्रिजवर पडून राहिलं. राजाराम पुढच्या रविवारी बसवणार होता.

गुरुवारी संध्याकाळी नंदा कामावरून आली. दाराला कुलूप होतं. तिनं किल्ली फिरवली, आत पाऊल टाकलं आणि जागच्या जागी थिजली. टेबलावर काहीतरी होतं. हात फोनकडे गेला. मग दिव्याचं बटण सापडलं.

टेबलावर सहा भोपळे होते. ताजी माती लागलेले, वाळल्या वेलीचं देठ असलेले, ओळीनं मांडलेले सहा. महिनाभर जिनं उंबरा ओलांडला नव्हता, ती बंदूक घरी ठेवून, आपली पिकअप काढून चार मैल आली होती, स्वतःच्या गळ्यातल्या किल्लीनं नंदाचं दार उघडलं होतं, आणि जाताना आठवणीनं कुलूप लावून गेली होती.

नंदा खुर्चीत बसली आणि पदर नव्हता म्हणून कोटाच्या बाहीनं डोळे पुसू लागली. आत्याला आज पत्र लिहायचं, असं तिनं ठरवलं. राजाराम आत आला, त्यानं टेबलाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं.

"शेरीफला फोन करू?" त्यानं विचारलं.

"कर ना, कर," ती म्हणाली, "आणि त्याला म्हणावं जेवायलाच ये. एवढा भोपळा आपल्यानं संपायचा नाही."

राजारामनं फ्रिजवरचं पाकीट उचललं, न उघडताच कोटाच्या खिशात टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी लॉइडला परत देऊन आला.