विहीणबाईंचा बीफ रोल

वरमाईचे पाय विहिणीने धुवायचे, तिला साडी द्यायची, आणि वरमाईने तरीही थोडं रुसून बसायचं, अशी आमच्याकडची रीत. अमेरिकेत, टेक्सासातल्या प्लेनोला, मुलाच्या लग्नात यातलं काहीच झालं नाही. विहीणबाई अमेरिकन. त्यांनी मला अशी घट्ट मिठी मारली की मी रुसायचंच विसरले.

पुढे एकदा मला सणकून ताप भरला. मुलगा-सून ऑफिसात. ही बाई दिवसभर माझ्या उशाशी बसली. तापात मी मराठीत काहीबाही बडबडत होते आणि त्या प्रत्येक वाक्याला "आय नो, आय नो" म्हणत होत्या. हे फेडायचं कसं, याचा मला घोर लागला. सातवीत शाळा सुटलेली, गाडी चालवता येत नाही, फोन वाजला तरी छातीत धडधडतं. येतो तो फक्त स्वयंपाक.

म्हणून ख्रिसमसच्या तोंडावर त्यांचं मनगट मोडलं, आणि त्यांच्या आईपासून चालत आलेला भरलेल्या बीफचा रोल यंदा टेबलावर नसणार असं कळलं, तेव्हा मी पटकन म्हणून बसले, "आय डू."

मुलाने मला बाजूला घेतलं. "आई, बीफ आहे ते. तू खात नाहीस, मग चव कशी बघणार?"

"नैवेद्याचा स्वयंपाक काय चाखून करते होय? तू हातमोजे आण."

"अगं, पण..."

"दोन जोड आण. एकावर एक घालीन."

ख्रिसमसला विहीणबाई प्लास्टरातला हात मांडीवर घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात बसल्या आणि मला सांगू लागल्या. मांस पसरायचं, ठोकून पातळ करायचं. त्यावर पालकाची पानं, लसूण, चीज, ब्रेडचा चुरा. "नाऊ रोल, टाइट!" पानं पसरली मात्र, माझे हात आपोआप चालू लागले. ही तर अळूवडी! मी असा काही घट्ट उंडा वळून दोऱ्याने बांधला की त्यांनी डाव्या हाताने मांडीवर थाप मारली. रोल ओव्हनमध्ये गेला. दुखण्याची गोळी घेऊन त्या सोफ्यावर आडव्या झाल्या. मुलगा-सून विहीणबाईंच्या भावाला आणायला एअरपोर्टला गेलेली. घंटी वाजली की बाहेर काढ, एवढंच मला सांगितलेलं होतं.

घंटी वाजली, काढला. खात्री करावी म्हणून कडेचा तुकडा कापला, तर आत गुलाबी! कच्चं राहिलं! पाव्हण्यांना कच्चं मांस वाढायचं? त्यांना उठवावं, तर बिचारीला आत्ता कुठे डोळा लागलेला. मग अळूवडीचं पुढे जे करतात तेच केलं. उंडा गार होऊ दिला, चकत्या पाडल्या, आणि कढईभर तेलात एकेक चकती खरपूस तळली. गुलाबी रंगाचा मागमूस ठेवला नाही. वर सवयीने कोथिंबीर भुरभुरली.

मंडळी आली. विहीणबाई जाग्या होऊन टेबलापाशी आल्या.

"व्हेअर इज माय रोल?"

मी ताटाकडे बोट दाखवलं.

सून पुटपुटली, "ओ गॉड." मुलगा माझ्या कानाशी आला. "आई, तो आतून गुलाबीच ठेवतात गं!" मला वाटलं जमीन दुभंगावी. आईची आठवण म्हणून ज्या बाईने हा पदार्थ इतकी वर्षं जपला, त्याची मी भजी करून ठेवली होती.

त्यांच्या भावाने एक चकती उचलून चावली. कुरकुर असा आवाज घरभर झाला. तो म्हणाला, "आई असती तर तिने पोलीस बोलावले असते." आणि दुसरी उचलली.

विहीणबाईंनीही एक घेतली. बराच वेळ चावली. चावावीच लागत होती. मग त्यांना हसू फुटलं, इतकं की मोडका हात धरून त्या "आऊ, आऊ" करत हसत राहिल्या. "आयाम सॉरी, आयाम सॉरी," मी म्हणत होते. "आय नो, आय नो," त्या म्हणाल्या, आणि उठून ओव्हनच्या खालच्या कप्प्यातून झाकलेलं एक भांडं घेऊन आल्या. बटाट्यांवर चीज घालून भाजलेलं. मी बीफ खात नाही म्हणून मी यायच्या आधी, एका हाताने सोलून माझ्यासाठी वेगळं केलेलं.

म्हणजे फेडायला आले होते, ती आणखी ओझं घेऊन बसले. बटाटे मधे चांगलेच कच्चे होते. मी दोनदा वाढून घेतले.