फुकटची शिक्षा

लेकाकडे जयपूरला आल्यापासून दुपारी मला एक अंगण दिसायचं. जेवणाची वेळ टळली की हमखास. आधी बाल्कनीच्या कडा विरघळल्यागत व्हायच्या, पलीकडच्या शेतकी केंद्रातल्या मोरांचा ओरडा लांब लांब जायचा, दुर्गापुरा स्टेशनातल्या गाडीची शिट्टी पाण्याखालून आल्यासारखी यायची. आणि मग सोलापूरचं आमचं अंगण. न्हाणीच्या दारात आई उभी, ओले हात पदराला पुसत. "ये गं, भाकरी निवतीये," म्हणायची. इतकं बरं वाटायचं म्हणून सांगू! कुणाला काही बोलले नाही. म्हातारपणची डुलकी, तिचं काय कौतुक?

मग ती संकष्टी आली. उपास कडक, आणि शुगरची गोळी मात्र शहाण्यासारखी सकाळीच घेतलेली. दुपारी पहिलीतली नात शाळेतून आली, आणि अंगणही आलं. त्या दिवशी मी पार आईपाशी पोचले होते. जरा शुद्ध आली तेव्हा शेजारीण साखरेचं पाणी पाजत होती आणि नात माझा पदर मुठीत धरून हुंदके देत होती.

सून त्या संध्याकाळी काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मीही बोलले असते. तोंड आहे मला. पण ती फोनवर पाळणाघराची चौकशी करत होती. पोरीसाठी एक जागा अडवूनही ठेवली. काळजात चर्र झालं माझ्या. घरदार सोडून या परमुलखात मी आले कशासाठी? या पोरीच्या दुपारसाठी. ती गेली की मी काय, सोफ्यावरची उशी.

दोन-चार दिवसांनी सुनेनं टेबलावर एक कागद आणून ठेवला. 'शुगर के मरीज़ों के लिए निःशुल्क शिक्षा. हर शनिवार, सामुदायिक भवन.' चष्मा लावून वाचलं आणि टाळकंच सटकलं माझं.

"शिक्षा? आणि तीही फुकट? केवढे उपकार! आजार झाला म्हणून आता दर शनिवारी नेऊन उन्हात उभं करणार की काय मला?"

सूनबाई पुण्याची, पण मी का चिडले ते तिलाही क्षणभर कळेना. नात मात्र पोट धरून हसायला लागली. "आजी, शिक्षा मतलब पढाई! सज़ा नाही!"

हसले मीही. पण तो शब्द दिवसभर डोक्यात घोळत राहिला. कारण खरं सांगायचं तर मला हा आजार म्हणजे शिक्षाच वाटत होती, आपली मराठीतली. कुठल्या जन्मीची, देव जाणे. आणि शिक्षा गुपचूप एकट्यानं भोगायची असते, तिचा कसला क्लास लावायचा?

"आई, एकदा येऊन तर बघा," सून म्हणाली. "नाही पटलं तर मी पुन्हा शब्द काढणार नाही. मला पोरीला पाळणाघरात नाही हो ठेवायचं, तुमच्याकडेच ठेवायचंय. पण भीती वाटते." तिचे डोळे भरून आले होते. मग काय, गेले.

हॉलमध्ये सतरंजीवर माझ्यासारखीच बरीच मंडळी बसली होती. शिकवणाऱ्या बाईंना स्वतःलाच शुगर. ज्यानं त्यानं का आलो ते सांगायचं होतं. माझी हिंदी म्हणजे आनंदच. "मैं शिक्षा भोगने आई हूँ," बोलून गेले. असा हशा पिकला! मग मी आमच्या मराठीत शिक्षा म्हणजे काय ते सांगितलं, तसं हसू विरत गेलं. लाटांसारख्या रेघांची लहरिया ओढणी डोक्यावर घेतलेल्या एक आजी हळूच म्हणाल्या, "लगता तो हमें भी यही था, बहनजी." मला एकदम रडूच कोसळलं. अनोळखी माणसांत, भर सकाळी.

मग अंगणाचंही सांगितलं. बाईंनी विचारलं, हात थरथरतात? घाम फुटतो? ओठ बधिर होतात? सगळं होतं की! "माँजी, वो सपना नहीं है. आपकी शुगर गिर रही है."

म्हणजे माझी आई म्हणजे उतरलेली साखर! राग आला हो मला बाईंचा. माझं अंगण काढून घेतलं त्यांनी. तरी पुढच्या शनिवारी गेलेच. उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारायचं, जेवणाची वेळ टाळायची नाही, साखर हाताशी ठेवायची. फार मोठं ज्ञान नव्हे, पण समोर बसवून कुणी सांगितलंच नव्हतं.

गेल्या महिन्यात नातीची बस खूप उशिरा आली. तिच्याबरोबर जेवायचं म्हणून मी थांबलेली, इथेच चुकलं. ताटं वाढता वाढता बाल्कनीच्या कडा विरघळल्या. मोर लांब गेले. कपाळाला घाम आला. आई दारातच होती.

"ये गं, भाकरी निवतीये."

जावंसं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

"थांब गं आई," मी मोठ्यानं म्हटलं, "पोरगी जेवायचीये अजून." आणि ओट्यावरचा साखरेचा डबा ओढला, साखर पाण्यात ढवळली, प्यायले आणि खाली बसले.

नात बघत होती. "आजी, कोणाशी बोलतेस?"

"माझ्या आईशी."

हळूहळू बाल्कनीचे गज जागेवर आले. मग दोघी जेवलो.

संध्याकाळी सुनेला सगळं सांगितलं, घाम, हाक, साखर, काही ठेवलं नाही. म्हटलं, घालायचं असेल पोरीला पाळणाघरात तर घाल. ती फोन घेऊन बाल्कनीत गेली. मी पोळ्या लाटत होते, कान मात्र तिकडेच.

"वो सीट किसी और को दे दीजिए मैडम," ती म्हणत होती. "घर पे दादी हैं ना."