समुद्रासाठी तणीस

इंदूवहिनी गेल्याचा निरोप मला लाखांदूरच्या एसटी स्टँडवर मिळाला. तिथल्या शाळेत मी शिकवतो, आणि शनिवारी दुपारी तुमसरला घरी जायला निघालो होतो. तिकडून आलेल्या गाडीचा ड्रायव्हर ओळखीचा. खिडकीतूनच म्हणाला, "गुरुजी, घराकडेच निघाले ना? बाई गेल्या... सकाळीच." कोणत्या बाई, हे विचारावं लागलं नाही. तुमसरपासून बपेऱ्यापर्यंत नुसतं 'बाई' म्हटलं की ती माझी वहिनीच. आता महिना उलटला. भेटायला येणारे तिच्याबद्दल भरभरून बोलतात. परवा एक गृहस्थ म्हणाले, "बाईनं समुद्र वाचवला." ते ऐकून माझं डोकंच फिरलं. तिचंही फिरलं असतं. म्हणून जे झालं तेवढंच लिहितो.

वहिनी रत्नागिरीच्या बाजूची, मासेमारी करणाऱ्या घरातली. नर्सचं शिक्षण घेऊन ती चिखल्याच्या मँगनीज खाणीवरल्या दवाखान्यात नोकरीला आली, तेव्हा तिला इकडची भाषाही कळत नव्हती. माझा मोठा भाऊ खाणीतला माल ट्रकने तुमसरच्या स्टेशनावर आणायचा. एकदा हात चेचला म्हणून तो दवाखान्यात गेला, आणि हात बरा झाल्यावरही जात राहिला. लग्नानंतर ती तुमसरला आली. दवाखाना सुटला, पण बाळंतपणं सुटली नाहीत. कोणत्याही गावची बैलगाडी दारात उभी राहिली की ती पिशवी उचलून निघायची. आमच्याकडे समुद्र कुणी पाहिलेला नव्हता. आई तिला विचारायची, "तुमच्या गावचा तलाव केवढा मोठा?" ती म्हणायची, "आई, त्याला पलीकडचा काठच नाही." आईला ते शेवटपर्यंत खरं वाटलं नाही.

मग ऐंशीनंतरच्या एका वर्षी, धानाची मळणी आटोपली होती त्या दिवसांत, तिच्या माहेरच्या समुद्रात तेलाचं जहाज फुटलं. रेडिओवर दोन ओळींची बातमी आली. पाठोपाठ तिच्या भावाचं, सदूचं, पत्र आलं. किनारा डांबर ओतल्यासारखा काळा झाला होता. जाळी चिकटून वाया गेली होती, आणि माणसं गोणपाटाने, घमेल्याने, नुसत्या हाताने तेल उपसत होती. वहिनीने पत्र वाचलं आणि थेट आमच्या अंगणातल्या तणशीच्या ढिगाकडे बघत राहिली. धान झोडून उरलेलं तणीस. चिखल्याच्या दवाखान्यात फरशीवर तेल सांडलं की ती मूठभर तणीस टाकून ते टिपून घ्यायची, एवढं साधं तिच्या डोक्यात आलं होतं.

तुमसरात तोवर जागृती झाली होती! निषेध सभा भरली. तालुक्याचे एक पुढारी, ज्यांनी समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिला असेल, पाऊण तास बोलले. आपद्ग्रस्त बांधवांसाठी जुने कपडे गोळा करायचं ठरलं. लुगडी आली, सदरे आले, आणि कुणी तर स्वेटरही आणून दिला. वहिनी बायकांच्या बाजूने उठून उभी राहिली.

"कपडे नकोत," ती म्हणाली. "कपडे आहेत त्यांच्याकडे. तणीस द्या. तेल टिपायला तणीस पाहिजे."

 मग मागून कुणीतरी ओरडलं, "काहून बाई, समुद्रात गाई बांधल्या का?"

आख्खा मंडप हसला. पुढारीही हसले. मी पुढच्या खुर्च्यांवर शिक्षकांत बसलो होतो. वहिनीचा चेहरा लाल झाला, पण ती बसली नाही. हसणं थांबेपर्यंत उभी राहिली आणि पुन्हा तेच वाक्य तितक्याच सावकाश म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती गावोगाव फिरू लागली. बपेऱ्याला झिंगरूजी म्हणून शेतकरी होते. त्यांच्या सुनेची अवघड बाळंतपणं तिनेच केली होती. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. "बाई, जनावराच्या तोंडचं हाय हे," ते म्हणाले. "पर तुमच्या मायच्या गावाले पाहिजे तं घेऊन जा. मले त्या समुद्राचं काई समजून नाही रायलं, तुमचं समजते." त्यांची गाडी पहिली आली. त्यांचं पाहून मग इतरांच्या आल्या. स्टेशनाजवळच्या मोकळ्या जागेत घराएवढा ढीग उभा राहिला. सभेला न आलेल्या माणसांनी तो उभा केला होता.

आणि तो तिथेच राहिला. वॅगन हवी तर वरून शिफारस आणा, असं स्टेशनात सांगितलं. शिफारशीसाठी आम्ही भंडाऱ्याला गेलो. तिथल्या साहेबांनी चहा पाजला, वहिनीची तारीफ केली आणि म्हणाले, "चारा दुष्काळी भागात पाठवता येतो. तुमच्या माहेरी दुष्काळ जाहीर झालेला नाही." वहिनी म्हणाली, "साहेब, हा चारा नाही, फडकं समजा." साहेब म्हणाले, "फडकं म्हणून तर काहीच तरतूद नाही." आम्ही पुन्हा गेलो. साहेब दौऱ्यावर होते. परत गेलो तर त्यांची बदली झाली होती, आणि नव्या साहेबांना पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. इकडे ढिगात मोकाट जनावरं तोंड घालत होती. पुढारी येता-जाता ढिगाकडे बोट दाखवून पाहुण्यांना सांगत, ही आपल्या तालुक्याची मदत.

शेवटी एका संध्याकाळी दादा जेवता जेवता म्हणाला, "उद्या ट्रक भर."

"आणि खाणीची खेप?" वहिनीने विचारलं.

"खेप दुसरा कोणी नेईल. तू आता कोणाच्या दारी नको जाऊ... मले पाहवून नाही रायलं."

ढिगातला जेमतेम एक कोपरा ट्रकमध्ये मावला. दादा, वहिनी आणि मी निघालो. अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडला. घाट उतरल्यावर वहिनी काच खाली करून वारा घेत राहिली, आणि एका वळणावर तिने नाकाला पदर लावला. समुद्र दिसायच्या आधी त्याचा वास आला. रॉकेलच्या कोठारात शिरल्यासारखा.

गावाच्या अलीकडे रस्ता अडवला होता. कुणी मोठे पाहुणे किनारा बघायला येणार होते. बंदोबस्तावरचा अधिकारी म्हणाला, किनारा साफ झालाय, पेपरातही आलंय, तणशीचा कचरा इथे नको. त्याच्या बुटांना काळं लागलेलं होतं. तिने त्या बुटांकडे बोट केलं. "मग हे काय आहे?" त्याने बूट बघितले आणि आम्हाला ट्रक मागे घ्यायला सांगितला.

आम्ही मागे घेतला. सदू आणि गावातली माणसं डोंगराच्या बाजूने आली, आणि भारे डोक्यावर वाहून त्यांनी पलीकडे किनाऱ्याच्या लहानशा खाचेत उतरवले. तिथे वहिनीने पायातल्या चपला काढल्या. तणीस पसरायचं, तुडवायचं, काळं झालं की दंताळ्याने ओढून खड्ड्यात टाकायचं. झिंगरूजींचं पिवळंधमक तणीस पाण्याला टेकताच काळं व्हायचं. मी हे डोळ्यांनी पाहिलं. ते टिपत होतं, वहिनीचं म्हणणं खरं होतं! संध्याकाळी त्या एवढ्याशा खाचेत खडक पुन्हा खडकासारखे दिसू लागले. वहिनी घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहून हसली. सकाळी जाऊन पाहिलं, तर भरतीने रात्रीतून नवं तेल आणून टाकलं होतं. तणीस संपलेलं होतं. बाकीचं तुमसरच्या स्टेशनाजवळ गाई खात होत्या.

"अजून असतं तर..." सदू म्हणाला. वहिनीने त्याला पुढे बोलू दिलं नाही.

पाहुणे आले, धुतलेल्या तुकड्यावर उभं राहून फोटो काढून गेले. त्या हंगामात तिकडच्या माशांना कुणी विचारलं नाही. सदूने होडी विकली आणि तो मुंबईला एका इमारतीवर रखवालदार झाला. आणि तुमसरात वहिनीचा सत्कार ठरला. ती नको म्हणत होती, दादाने समजूत घालून नेलं. हार घालून घेतल्यावर ती माइकसमोर गेली. इतक्या वर्षांत आमची बोली तिच्या तोंडात बसली होती. "टाळ्या कायले वाजवून रायले तुमी?" ती म्हणाली. "मले तणीस पाहिजे होतं." मग हार काढून टेबलावर ठेवला आणि खाली उतरली. त्यालाही लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तिचं हसणं-बोलणं पुढेही होतंच, बाळंतपणंही होती. पण बाजारात मासे घेताना ती प्रत्येक मासा उचलून, कल्ला उघडून नाकाशी धरायची. आमच्या तलावातले मासे ते, त्यांना तेल कुठून लागणार? विकणारी ढिवरीण आधी चिडायची, मग तिला त्याची सवय झाली. गेल्या आठवड्यात दादाला जेवण जाईना म्हणून मी बाजारात गेलो. मी पिशवी पुढे केली, तर ढिवरणीने मासा पिशवीत टाकला नाही. कल्ला उघडून माझ्या तोंडासमोर धरला आणि वाट बघत राहिली.

"घ्या ना गुरुजी वास," ती म्हणाली. "तुमच्या घरी तसाच नाही नेत."