पिंपातलं पाणी

नाताळच्या सुट्टीआधी लेकीला अमेरिकेतल्या कॉलेजचं उत्तर आलं. ‘घेतलंत तर तुमच्याकडेच येईन’ असा शब्द देऊन तिने अर्ली डिसिजनचा अर्ज केला होता, आणि त्यांनी तिला डिफर केलं. ना होकार, ना नकार. मार्चमध्ये पुन्हा बघू. मला इतका राग आला की दोन दिवस घरात त्या कॉलेजचं नाव काढायची कुणाची छाती झाली नाही.

शाळेतल्या काउन्सेलर बाई म्हणाल्या, एका पानाचं पत्र पाठवा. अजूनही यायचंय आणि अर्जानंतर नवीन काय केलं, एवढंच लिहा.

नवीन म्हणजे तिचा प्रकल्प. इथे आखातात, अल नस्र भागातल्या आमच्या इमारतीतल्या एसींचं ठिबकणारं पाणी ती खाली पिंपात साठवायची, रोज मोजायची आणि त्यावर कुंड्या जगवायची. परीक्षेच्या गडबडीत तिने आकडे नुसते टिपले होते. आता वही उघडून बसली आणि शेवटची पानं पुन्हा पुन्हा उलटू लागली.

"आई, सगळ्यांचे एसी बंद आहेत. मग पिंप भरतंय कसं?"

मी पोळ्या लाटत होते. लाटतच राहिले. थंडी पडली, पाणी आटलं, पोरीची मेहनत वाया जाणार म्हणून मी महिनाभर रोज सकाळी दोन बादल्या नळाचं पाणी त्यात ओतत होते. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

सांगितलं तशी ती ओरडली, "दॅट्स नॉट माय डेटा!" रडली, आणि महिन्याभराच्या आकड्यांवर तिने आडवी रेघ मारली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी जीभ गप्प बसेना. म्हटलं, "असू दे की, त्यांना तिथे बसून काय कळणार आहे?" ती वही उचलून आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिने पत्र दाखवलं. हिवाळ्यात हे पाणी मिळत नाही, शेवटच्या महिन्याचे आकडे चुकीचे आहेत, आता घराघरांतून तांदूळ धुतलेलं पाणी गोळा करतेय, असं सरळ लिहिलं होतं.

"कोणी बिघडवले, ते नाही लिहिलं," ती हळूच म्हणाली.

"लिही. आईने केलं म्हणून लिही."

"शुअर?"

"यल्ला, चल, लिही!"

तिने लिहिलं आणि पाठवलं. मार्च अजून लांब आहे. होकारासाठी मी देव पाण्यात घालून बसलेय, खोटं कशाला बोलू? पण ही पोर परक्या देशात एकटी कशी निभावेल, ही माझी काळजी मात्र त्या दिवशीच मिटली.