चालत्या मशीनमध्ये हात

अण्णासाहेब साळव्यांनी पिंपरीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं पत्र्याला आकार देणारा प्रेस चालवला आणि दहाही बोटं शाबूत ठेवून ते निवृत्त झाले. प्रेसवाल्यांत ही पदवी मानतात. मुलांना त्यांनी शिकवण एकच दिली: चालत्या मशीनमध्ये हात घालायचा नाही. थोरली विजयश्री नेमका तोच धंदा करते.

ती चाकणला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत सर्व्हर सांभाळते. सहा वर्षं झाली, कंत्राटावर. कासारवाडीहून सुटणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये खिडकीची तिसरी सीट तेवढी तिची कायम आहे.

"तुझं मशीन केवढं?" अण्णासाहेबांनी एकदा विचारलं होतं.

"दिसत नाही, पप्पा. एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात चार मशिनी आहेत. चारही खोट्या. पण प्रत्येकीला वाटतं, आपणच खरी."

"म्हणजे आमचे ऑफिसर."

या खोट्या मशिनींची गंमत अशी, की त्या चालू असताना त्यांना सुटे भाग जोडता येतात आणि काढताही येतात. डिस्क कमी पडली, जोड. नेटवर्क कार्ड नको झालं, काढ. मशीनला थांबवावं लागत नाही. प्रेसची डाय, म्हणजे साचाच, चालू प्रेसमध्ये बदलण्याचा हा प्रकार ऐकून अण्णासाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला होता.

चारांतली सगळ्यांत मानाची मशीन 'लेबल-दोन'. मालाच्या प्रत्येक खोक्यावरचं लेबल ती छापते. लेबल नसलेलं खोकं गिऱ्हाईक कंपनी गेटच्या आत घेत नाही. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी लेबल-दोन बंद करून पुन्हा चालू केली, तर तिनं उठायला दोन दिवस घेतले. ती उठली आणि तेव्हाचा ॲडमिन घरी गेला. तोही कंत्राटीच होता. तेव्हापासून लेबल-दोनला हात लावायचा तर ती चालू असतानाच, असा दंडक आहे. एरवी तिला झोपलेल्या सासऱ्यासारखी सगळे वळसा घालून जातात.

खंडेनवमीला विजयश्री हौसेनं ड्यूटी मागून घेते. तिच्या घरी यंत्रपूजा नाही, आणि आज ड्यूटी केली की उद्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाची सुट्टी कुणाचं तोंड न बघता मिळते. तिची अट एकच: नारळ सर्व्हर रूमच्या बाहेर फोडायचा.

यंदा अट पाळली गेली. पण मेंटेनन्सचे चिमाजी, मूळचे चाकणचेच, पूजेत कसर ठेवणारे नव्हेत. ती चहाला गेली तेवढ्यात त्यांनी सर्व्हर पुसला, झेंडूचा हार घातला, आणि मागच्या बाजूला पेनड्राइव्हसारखं काहीतरी दिसलं ते उपसून, पुसून, कुंकू लावून शेजारच्या भोकात बसवलं.

तो डोंगल होता. लेबलच्या सॉफ्टवेअरचा परवाना त्याच्यात असतो. जुन्या जागचा डोंगल लेबल-दोनला जोडलेला होता. नव्या जागचा तिच्या लेखी कुणीच नव्हता.

पडद्यावर सूचना आली: परवाना सापडत नाही, तीस मिनिटांत छपाई बंद.

"मी काय तोडलं न्हाई," चिमाजी म्हणाले. "साफ केलं."

"काका, परत काढू नका. हात मागे."

आयटीचे मॅनेजर कुलथे साहेब धोतर-फेट्यात आले. "रीस्टार्ट करून टाक."

"करते. मेलवर लिहून द्या."

कुलथे साहेबांना फेटा सैल करावासा वाटला.

डिस्पॅचचा इम्तियाज दारातूनच ओरडला, "ताई, तीन गाड्या भरायच्या उभ्या आहेत राव! ड्रायव्हर पेढे खाऊन खाऊन थकले."

विजयश्रीनं यादी काढली. बाहेरून जोडलेली उपकरणं दोन होती, आणि नावंही जुळ्यांची: शेवटी एकाच्या शून्य, दुसऱ्याच्या एक. त्यांतलं एक उपकरण म्हणजे डोंगल. दुसरं होतं प्रिंटरांकडे जाणारं नेटवर्क कार्ड. चुकीचं निघालं तर लेबल-दोन बसणार, आणि तिच्यासोबत विजयश्रीही. तिनं पडद्यावर बोट ठेवून दोन्ही नावं मोठ्यानं वाचली. शून्यवाला डोंगल. त्याला काढायचा हुकूम दिला.

काही झालं नाही.

"निघालं?" कुलथे साहेब.

"साहेब, आपण फक्त विनंती करतो. आतल्या मशीननं सोडायला पाहिजे."

सोडत नव्हती. परवाना तपासणारा प्रोग्राम तिथे नसलेल्या डोंगलला धरून बसला होता. तिनं आत शिरून तेवढा प्रोग्राम थांबवला; छपाईही थांबली. इम्तियाजनं अल्लाचं नाव घेतलं, चिमाजींनी खंडोबाचं. तिनं हुकूम पुन्हा दिला. यादीतून शून्यवाला गेला, नेटवर्क कार्ड जागेवर राहिलं. मग नव्या भोकातला डोंगल जोडला, प्रोग्राम चालू केला.

पलीकडे प्रिंटर करकरला. छपाई थांबून चार मिनिटं झाली होती.

"शाब्बास!" कुलथे साहेब म्हणाले. "विषय संपला."

"अर्धा. आत्ता जोडलंय ते चालू मशीनला. सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिलं नाही, तर मशीन बंद होऊन उठली की डोंगल विसरणार."

"मग लिही ना."

"त्याला फॉर्म आहे. पुढच्या रीस्टार्टची जबाबदारी घेणाऱ्या कायम कर्मचाऱ्याचा एम्प्लॉयी नंबर लागतो. कंत्राटीला तो नसतो. तुमचा टाकू?"

कुलथे साहेबांना आरतीची आठवण झाली.

तो फॉर्म पुढे तीन आठवडे फिरला. कुलथे साहेबांनी तो प्लँट हेडकडे पाठवला, प्लँट हेडनी क्वालिटीकडे, क्वालिटीनं 'आमचा संबंध नाही' लिहून परत. सगळ्यांनी सही केली. नंबराचा रकाना कुणी भरला नाही. तेवढ्यात वीज मंडळानं देखभालीसाठी अख्ख्या दिवसाचा शटडाउन कळवला. सर्व्हरला त्या दिवशी बंद व्हावं लागणारच होतं.

विजयश्रीनं एचआरला दोन ओळींचा मेल टाकला. रकाना रिकामा आहे. माझ्याकडे नंबर नाही.

नंबर तिसऱ्या दिवशी आला, कायम केल्याच्या पत्रासोबत. पत्रात तिच्या कामगिरीबद्दल अवाक्षर नव्हतं. कंपनीची तातडीची गरज, एवढंच कारण दिलं होतं. तिनं आधी रकाना भरला, डोंगल फाइलमध्ये लिहिला, आणि मग ते पत्र घरी नेलं.

अण्णासाहेबांनी पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाले, "बोटं दाखव."