बाई ल्युबेकला गेल्या तेव्हा

बोरगावहून शेजारच्या मधुकररावांचा फोन आला, तेव्हा मी पांढुर्ण्यात माझ्या घरी मेथी निवडत बसले होते. ‘‘वहिनी, बाई गेल्या वो... बागेतून आल्या, हातपाय धुतले, ओसरीवर टेकल्या, अन् बस...’’ पुढे त्यांना बोलवेना. जर्मनीला कळवायचं काम माझ्याकडे आलं. बाईंच्या लेकाचा, नीलेशचा फोन त्याच्या बायकोनं, आंकेनं उचलला. माझा आवाज ऐकताच ती थांबली आणि तिनं एकच शब्द विचारला... ‘‘आई?’’

वत्सलाबाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. नवरे गेल्यावर जावांनी एकमेकींची तोंडं पाहू नयेत असंच आमच्याकडे बरेचदा होतं, पण आमचं उलटं झालं. भाऊजी गेल्यावर बाईंनी संत्र्याची बाग स्वतःच्या हातात घेतली. बाग घेणारा व्यापारी भाव पाडून बोलायला लागला की त्या त्याला चहा पाजून, हसतमुखानं परत पाठवत. दोन दिवसांनी तोच वाढीव भाव घेऊन परत येई. मी शाळेत शिकवणारी, चारचौघांत बोलायची सवय असलेली. पण कुठं अडलं की सौंसरकडची गाडी धरून बोरगावला बाईंकडेच जायची.

त्यांचा एकुलता एक नीलेश शिकायला जर्मनीला गेला आणि ल्युबेक नावाच्या गावी नोकरीला लागला. ‘आई, एकदा येऊन जा’ म्हणून त्यानं लकडा लावला. मग एक दिवस त्याचा मला वेगळा फोन आला. ‘‘काकू, तू सोबत ये. इथं आंके आहे... आईला अजून माहीत नाही.’’ इकडे बाईंनी लोधीखेड्याच्या एका चांगल्या घरी त्याच्यासाठी मुलगी पाहून ठेवली होती. शब्द दिला नव्हता, पण द्यायचा तेवढाच राहिला होता. म्हणजे विमानात बाई खिडकीतून ढग बघत होत्या आणि मी शेजारी बसून पुढं काय वाढून ठेवलंय त्याचा विचार करत होते.

विमानतळावर नीलेशनं ‘‘ही माझी मैत्रीण’’ अशी ओळख करून दिली. उंच, भुऱ्या केसांची, सैल स्वेटर घातलेली पोरगी. तिनं वाकून नमस्कार केला आणि वाकताना खांद्यावरची पिशवी बाईंच्या पायावरच पडली. बाई हसल्या. ‘‘राहू दे माय,’’ म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आंके आम्हाला गाव दाखवायला निघाली. ल्युबेकचं जुनं गाव म्हणजे चहूकडून पाण्यानं वेढलेलं बेटच. ट्राव्हे नदीचे फाटे दोन्ही अंगांनी जातात आणि मध्ये लाल विटांची घरं, चर्चचे हिरवे निमुळते मनोरे. वेशीवर दोन जाडजूड गोल बुरुजांचा दरवाजा आहे. दलदलीच्या जमिनीत खचून दोन्ही बुरूज एकमेकांकडे कलले आहेत. बाईंनी साडीवर नीलेशचा कोट चढवला होता, पायात बूट. त्या बुरुजाच्या बुडाशी जाऊन वाकून बघत मला म्हणाल्या, ‘‘आपल्या विहिरीचं कठडं असंच बसलं होतं ना वो, शालू?’’ शेजारी नदीकाठी उंच, देखण्या इमारती होत्या. ती जुनी मिठाची कोठारं आहेत असं कळल्यावर त्यांना फार नवल वाटलं. ‘‘मिठासाठी एवढं घर? अन् आपले संत्रे रस्त्याच्या कडेला ढीग घालून पडले राह्यतात!’’

मग आम्ही विटांच्या त्या प्रचंड चर्चमध्ये गेलो. एका मनोऱ्याच्या तळाशी, जाळीच्या आत, दोन अवजड घंटा फुटून जमिनीत रुतून पडल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धात गावावर बॉम्ब पडले, मनोरा पेटला, घंटा वरून खाली आल्या आणि गावानं त्या तशाच ठेवल्या. आंकेची आजी तेव्हा लहान होती. आगीचा उजेड तिनं गावाबाहेरून पाहिला होता. आंके सांगत होती, नीलेश मराठीत करून देत होता.

बाईंनी जाळीवर हात ठेवून आत वाकून पाहिलं. मग त्यांनी विचारलं, ‘‘बॉम्ब कोनं टाकले?’’

‘‘इंग्रजांनी.’’

‘‘काहून?’’

नीलेश घुटमळला. त्यानं प्रश्न आंकेला सांगितला. ती सरळ बाईंकडे बघून बोलली. नीलेशनं खाली बघत मराठी केलं, ‘‘ती म्हणते, आधी आमच्या लोकांनी दुसऱ्यांची गावं जाळली होती. आजी हे कधी बोलायची नाही, पण आम्हाला बोललं पाहिजे.’’

बाईंनी जाळीवरचा हात काढला आणि लेकाकडे वळल्या. ‘‘हे परकी पोरगी आपल्या लोकाइचं खरं सांगून राहिली, नीलेश. तू आपल्या मायले खरं कवा सांगशीन?’’

नीलेशचा चेहरा पांढराफटक पडला. आंकेला शब्द कळले नसतील, पण ती त्याच्या बाजूला येऊन उभी राहिली.

‘‘आई, मी सांगणारच होतो...’’

‘‘कालच समजलं मले. तुह्या घरात चहाचा डबा कुठं हाय, ते तुले धुंडा लागलं. तिनं न पाह्यता काढला.’’ मग हळू आवाजात, ‘‘मले राग पोरीचा नाही आला. तू मले घाबरला, त्याचा आला.’’

नीलेश आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. बाईंनी दुसऱ्या हातानं आंकेला जवळ ओढलं. चर्चमधली माणसं बघत होती. बाईंना त्याचं काही नव्हतं.

परत आल्यावर बाईंनी मला घेऊन लोधीखेडा गाठलं. ‘‘निरोप धाडला तरी चालते,’’ मी म्हणाले. ‘‘नाही चालत,’’ त्या म्हणाल्या. त्या घरच्या ओसरीवर बसून त्यांनी मुलीच्या वडिलांना सांगितलं, ‘‘तुमच्या पोरीत काहीच कमी नाही. माह्या पोरानं आपलं पाहून ठेवलं होतं, मले मालूम नव्हतं. आशा मी लावली, म्हून माफी मागाले मीच आली.’’ आतून मुलीची आई चहा घेऊन आली आणि बाईंच्या शेजारी टेकली. आम्ही निघालो तेव्हा मुलगी स्वतः दारापर्यंत सोडायला आली होती.

लग्न बोरगावला, बागेतच मांडव घालून झालं. नातलगांत कुजबुज झाली. बाईंनी कुजबुजणाऱ्यांना आग्रहानं दोनदा वाढलं. त्यानंतर दर रविवारी सासू-सुना फोनवर एकमेकींचं तोंड बघत बोलायच्या. भाषा कोणती, ते त्या दोघींनाच ठाऊक.

नीलेश वेळेवर पोचणार नव्हता, म्हणून बाईंना अग्नी माझ्या मुलानं दिला. नीलेश आणि आंके अस्थी वेचायला पोचले. नीलेश राखेपुढं लहान मुलासारखा बसून राहिला. आंके त्याच्या पाठीवर हात ठेवून, ओल्या डोळ्यांनी, ताठ उभी होती.

तेराव्यानंतरची गोष्ट. बाईंच्या घरावरून जाणारा माणूस ओसरीवर न टेकता कधी पुढं गेला नाही. मळ्यातली बाई असो की सरपंच, त्या हाक मारून बसवायच्याच. त्या सकाळी मी आत चुलीवर चहाचं आधण ठेवत होते. रस्त्यावरून कापूस वेचायला निघालेल्या बायांचा आवाज आला आणि घरासमोर एकदम बंद झाला. रिकाम्या ओसरीकडे बघून त्या पुढं निघाल्या असतील, असं मला वाटलं. तेवढ्यात बाहेरून हाक आली... अडखळत, उच्चार पार वेगळे, पण शब्द बाईंचेच.

‘‘कुठं जाऊन राहिल्या वो? बसा ना माय... पानी प्या.’’

मी पदरानं डोळे पुसले आणि आधणात आणखी पाणी ओतलं.